गिरणीत सापडलेले जीवनसत्त्व

औषधाच्या दुकानात मिळणारी ‘ई’ जीवनसत्त्वाची मऊ, चकाकती कॅप्सूल आता घरोघरी ओळखीची झाली आहे. कुणी रात्री पायात गोळे येतात म्हणून ती घेतात, कुणी केस गळतात म्हणून. कित्येक घरांत ती टाचणीने टोचून आतले तेल चेहऱ्याला लावले जाते. डॉक्टरांनी सांगितले म्हणून घेणारे असतात, तसेच मैत्रिणीने किंवा शेजाऱ्याने सुचवले म्हणून घेणारेही असतात. या जीवनसत्त्वाचा शोध मात्र त्वचा किंवा केसांच्या संदर्भात लागला नव्हता. तो लागला उंदराच्या गर्भातल्या पिल्लांच्या मृत्यूचे कारण शोधताना. तो लावणाऱ्या दोघांपैकी एक होते अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. हर्बर्ट मॅकलीन इव्हान्स. ‘ई’ जीवनसत्त्वाने काय होते आणि काय होत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या आयुष्यापासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

इव्हान्स यांचा जन्म 23 सप्टेंबर 1882 रोजी कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो या गावी झाला. वडील डॉक्टर होते, त्यामुळे मुलगाही वैद्यकाकडे वळला. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 1904 मध्ये पदवी घेतल्यावर ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि 1908 मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच, 1907 मध्ये, त्यांनी नामवंत शल्यचिकित्सक विल्यम हाल्स्टेड यांच्याबरोबर एक महत्त्वाचे काम केले. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या पाठीमागे चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा तुटला तर रोग्याला झटके येत. हा रक्तपुरवठा नेमका कुठून येतो, हे त्या दोघांनी दाखवून दिले. पण हातात सुरी घेऊन रोग्यांना बरे करण्यापेक्षा इव्हान्स यांचे मन प्रयोगशाळेत अधिक रमले. रक्तात मिसळणाऱ्या रंगांवर त्यांनी काम केले. शरीरातले रक्ताचे प्रमाण मोजण्यासाठी वापरला जाणारा एक निळा रंग आजही त्यांच्याच नावाने, ‘इव्हान्स ब्लू’ म्हणून, ओळखला जातो.

1915 मध्ये ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बर्कलेला परतले आणि तिथेच त्यांच्या आयुष्यातले खरे काम सुरू झाले.

उंदरांचे ऋतुचक्र

प्रजननाचा अभ्यास त्या काळी अंदाजाने चाले. प्राण्याच्या शरीरात बीज कधी तयार झाले, गर्भ राहिला की नाही, हे प्राणी मारून पाहिल्याशिवाय कळत नसे. 1917 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टॉकर्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगच्या योनीमार्गातल्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, आणि त्या पेशींवरून ऋतुचक्राची अवस्था ओळखता येते, असे दाखवले. हेच पापानिकोलाऊ पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ‘पॅप’ चाचणीमुळे जगाला माहीत झाले. इव्हान्स आणि त्यांचे सहकारी जोसेफ लाँग यांनी ही पद्धत उंदरांना लावली. उंदराच्या मादीचे चक्र चार ते पाच दिवसांचे असते, हे त्यांनी अत्यंत बारकाईने नोंदवले. या कामावरचा त्यांचा ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध झाला. या अभ्यासासाठी त्यांनी उंदरांची एक जातही तयार केली. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या माद्या आणि बर्कले परिसरात पकडलेला रानटी करडा नर यांच्यापासून ती निघाली. काळ्या डोक्याचे आणि पांढऱ्या अंगाचे हे ‘लाँग-इव्हान्स’ उंदीर आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जातात.

पुढचा शोध या तयारीमुळेच शक्य झाला. मादीचे बीज कधी तयार झाले, मीलन झाले का, गर्भ गर्भाशयात रुजला का, याचा दिवसागणिक हिशेब इव्हान्स यांच्याकडे होता. त्यामुळे पिल्ले झाली नाहीत, तर साखळी कोणत्या कडीवर तुटली, हे त्यांना सांगता येणार होते.

साखळी कुठे तुटली?

जीवनसत्त्वांच्या शोधाचा तो सुवर्णकाळ होता. ‘अ’, ‘ब’, ‘क’ ही जीवनसत्त्वे माहीत झाली होती आणि मुडदूस रोखणाऱ्या ‘ड’ची ओळख पटत होती. शुद्ध केलेल्या घटकांचा आहार देऊन उंदीर वाढवायचे आणि त्यांना काय कमी पडते ते पाहायचे, अशी पद्धत रूढ झाली होती. इव्हान्स यांच्यासोबत या कामात होत्या डॉ. कॅथरीन स्कॉट बिशप. त्यांचा जन्म 1889 चा. त्याही जॉन्स हॉपकिन्समधूनच, 1915 मध्ये, डॉक्टर झाल्या होत्या आणि बर्कलेला ऊतिशास्त्र शिकवत होत्या.

दोघांनी उंदरांना दुधातले केसिन, पिष्ट, चरबी, लोणी, क्षार आणि यीस्ट असा आहार दिला. त्या काळच्या ज्ञानानुसार त्यात काही कमी नव्हते. उंदीर छान वाढले, वजन भरले, अंगावरची लव तुकतुकीत राहिली. पण त्यांना पिल्ले होईनात. दुसऱ्या कुणी या माद्यांना वांझ ठरवून विषय संपवला असता. इव्हान्स आणि बिशप यांच्या नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. बीज वेळेवर तयार होत होते, मीलन होत होते, गर्भ रुजतही होता. नंतर मात्र वाढता गर्भ आतल्या आत मरत होता आणि मादीच्या शरीरात शोषला जात होता. म्हणजे दोष गर्भ राहण्यात नव्हता, तो टिकण्यात होता. नरांमध्ये याच आहाराने वृषणांची हानी होई, आणि ती पुढे भरून येत नसे.

मग सुरू झाला कमी पडणाऱ्या घटकाचा शोध. आहारात लेट्यूसचा ताजा पाला मिसळताच माद्यांना निरोगी पिल्ले झाली. हिरव्या पाल्यामुळे साहजिकच पहिला संशय ‘क’ जीवनसत्त्वाचा आला. पण वाळवलेला लसूणघास आणि गहू यांनीही तोच गुण दिला, आणि गव्हाच्या दाण्यात ‘क’ जीवनसत्त्व नसते. कॉड माशाच्या यकृताचे तेल ‘अ’ आणि ‘ड’ या दोन्ही जीवनसत्त्वांनी भरलेले, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे हा घटक आतापर्यंत कुणाला ठाऊक नसलेला होता. इव्हान्स आणि बिशप यांनी त्याला तात्पुरते ‘क्ष’ घटक म्हटले आणि डिसेंबर 1922 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची वार्ता दिली.

गव्हाच्या दाण्यात तो नेमका कुठे दडला आहे, हे शोधायला इव्हान्स बर्कलेजवळच्या वालेहो इथल्या पिठाच्या मोठ्या गिरणीत गेले. तिथे गहू दळताना तीन वाटा होत. एका वाटेने कोंडा जाई, दुसरीने पांढरे पीठ, आणि तिसरीने चपट्या, तेलकट पापुद्र्यांच्या रूपात दाण्याचा अंकुर. तिन्ही भाग घेऊन ते परतले आणि त्याच दिवशी ते उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना खाऊ घातले गेले. उत्तर मिळाले ते तिसऱ्या वाटेवर. त्या अंकुरातून काढलेल्या सोनेरी तेलाचा रोजचा एक थेंबही गर्भ वाचवायला पुरेसा होता. घटक पाण्यात नव्हे तर तेलात विरघळणारा आहे, हेही त्यामुळे स्पष्ट झाले.

आर्कान्सा विद्यापीठातले बार्नेट शुअर स्वतंत्रपणे याच दिशेने काम करत होते. ‘ड’च्या पुढचे अक्षर म्हणून ‘ई’ हे नाव त्यांनी 1924 मध्ये सुचवले आणि इव्हान्स यांनीही ते स्वीकारले.

डॉ. बिशप यांनी मात्र 1923 मध्ये कुटुंबाकडे लक्ष देण्यासाठी विद्यापीठातली जागा सोडली. पुढे त्या भूलतज्ज्ञ झाल्या. मूळ शोधनिबंधावर दोघांची नावे असली, तरी पुढच्या काळात चर्चा एकट्या इव्हान्स यांचीच अधिक होत राहिली.

नामकरण

तेलात घटक आहे हे कळणे आणि तो वेगळा काढणे, यात 14 वर्षे गेली. 1936 मध्ये इव्हान्स, ऑलिव्हर इमर्सन आणि ग्लॅडिस इमर्सन यांनी गव्हाच्या अंकुराच्या तेलातून तो शुद्ध स्वरूपात मिळवला. त्याला शास्त्रीय नाव हवे होते, म्हणून इव्हान्स यांनी बर्कलेचे ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉर्ज कॅलहून यांना गाठले. ग्रीकमध्ये ‘टोकोस’ म्हणजे अपत्यजन्म आणि ‘फेरो’ म्हणजे वाहणे, धारण करणे. रसायनशास्त्राच्या रिवाजानुसार अल्कोहोल गटासाठी शेवटी ‘ऑल’ जोडले आणि ‘टोकोफेरॉल’ हा शब्द तयार झाला. आज कॅप्सूलच्या पाकिटावर हाच शब्द छापलेला असतो. 1938 मध्ये एर्हार्ड फर्नहोल्झ यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये पॉल कारर यांनी ते प्रयोगशाळेत तयारही केले.

इव्हान्स यांची ओळख केवळ या शोधापुरती नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून उंदरांची अवाढव्य वाढ होते, हे त्यांनी लाँग यांच्यासह 1921 मध्ये दाखवले. त्या अर्कातले वाढीचे संप्रेरक चो हाओ ली यांच्यासोबत 1944 मध्ये वेगळे केले. सगळेच निष्कर्ष बरोबर आले असेही नाही. माणसाच्या पेशीत 48 गुणसूत्रे असतात, असे त्यांनी मोजले होते. ती 46 असतात हे 1956 मध्ये सिद्ध झाले. कामाबाहेरचा त्यांचा ध्यास होता विज्ञानाच्या इतिहासातल्या दुर्मीळ ग्रंथांचा. अशा ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्यांचे प्रदर्शन त्यांनी 1934 मध्ये बर्कलेला भरवले होते. नोबेल पारितोषिक मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ‘के’ जीवनसत्त्वासाठी 1943 चे पारितोषिक देण्यात आले, ‘ई’च्या शोधासाठी ते दिले गेले नाही.

उंदीर आणि माणूस

उंदराची पिल्ले वाचतात, तर माणसाची का नाही? हा प्रश्न कुणालाही पडावा असाच होता. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांना, मूल नसलेल्या जोडप्यांना हे जीवनसत्त्व देऊन पाहिले गेले. 1940 च्या दशकात कॅनडात इव्हान आणि विल्फ्रिड शूट या डॉक्टर बंधूंनी ते हृदयरोगावरचे औषध असल्याचा जोरदार प्रचार केला. पण उंदरात दिसलेला ठळक परिणाम माणसात दिसेना. याचे कारण साधे आहे. ‘ई’ जीवनसत्त्व अजिबात नसलेला आहार प्रयोगशाळेत मुद्दाम बनवावा लागतो. रोजच्या जेवणात तेल, दाणे, धान्य, पालेभाजी असली, की ते थोडेफार पोटात जातेच, शिवाय शरीर चरबीत त्याचा साठाही ठेवते. ज्याला कमतरता नाही, त्याला आणखी देऊन गुण येत नाही. गरोदरपणात सरसकट ‘ई’च्या गोळ्या दिल्याने गर्भपात किंवा रक्तदाबाचा त्रास टळत नाही, हे पुढच्या चाचण्यांतूनही दिसून आले.

मग माणसाला ते लागते कशासाठी? आपल्या प्रत्येक पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे बनलेले असते. तेल जुने झाले की जसे खवट होते, तशीच क्रिया ऑक्सिजनमुळे या आवरणातही सुरू होऊ शकते, आणि एका रेणूपासून दुसऱ्यापर्यंत पसरत जाते. ‘ई’ जीवनसत्त्व मध्ये पडून ही साखळी तोडते. खर्ची पडलेले ‘ई’ पुन्हा कामाला लावण्यात ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणूनच ते खूप कमी पडले तर लाल रक्तपेशी ठिसूळ होऊन फुटतात, आणि दीर्घकाळ कमी पडले तर मज्जातंतूंना इजा होऊन तोल जाणे, हातपाय बधिर होणे, दृष्टी मंदावणे असे त्रास होतात. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांमध्ये यामुळे पंडुरोग होतो, हे 1960 च्या दशकात लक्षात आले. यकृताचा किंवा आतड्याचा जुना आजार, सिस्टिक फायब्रोसिस, काही दुर्मीळ आनुवंशिक दोष यांत स्निग्ध पदार्थ पचत नाहीत किंवा ‘ई’ शरीरभर पोहोचत नाही. अशा रोग्यांसाठी हे जीवनसत्त्व खरोखरच औषध असते. अमेरिकेत रोजच्या आहाराच्या शिफारशीत ‘ई’चा समावेश झाला तो 1968 मध्ये, शोधानंतर 46 वर्षांनी.

किती आणि कशातून?

प्रौढांसाठी अमेरिकेत दिवसाला 15 मिलिग्रॅमची शिफारस आहे. मूठभर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम बदामांतून किंवा सूर्यफुलाच्या सोललेल्या बियांतून त्यातले निम्मे, सुमारे 7 मिलिग्रॅम, मिळते. बदाम परवडत नाहीत म्हणून काळजीचे कारण नाही. तेवढ्याच शेंगदाण्यांतून सुमारे 2 मिलिग्रॅम मिळते, आणि आपल्याकडे दाण्याचे कूट भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत रोज पडते. एक मोठा चमचा सूर्यफुलाच्या तेलातून 5 ते 6, तर करडईच्या तेलातून 4 ते 5 मिलिग्रॅम मिळते. अर्धी वाटी शिजवलेल्या पालकातून जवळपास 2 मिलिग्रॅम. आंब्यातही ते थोडे असते. खोबरेल तेलात मात्र नगण्य असते. दोन-तीन तेले आलटून पालटून वापरण्याचा सल्ला या दृष्टीनेही योग्य आहे. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवले, की त्यातले ‘ई’ नष्ट होते. हे जीवनसत्त्व तेलात विरघळते, त्यामुळे पूर्णपणे बिनतेलाचा आहारही त्याच्या दृष्टीने बरा नाही.

इव्हान्स यांना गिरणीत दिसलेल्या तीन वाटा आपल्यालाही उपयोगी आहेत. मैदा करताना कोंडा आणि अंकुर दोन्ही काढून टाकले जातात. अंकुरातल्या तेलामुळे पीठ लवकर खवट होते, म्हणून कारखान्याला तो नको असतो. गहू चक्कीवर दळून आणले, की अंकुर पिठातच राहतो. असे पीठ थोडे थोडे दळून आणावे आणि फार दिवस ठेवू नये. इथे एक घोळ टाळायला हवा. सकाळी प्यायला जाणारा गव्हांकुराचा हिरवा रस हा उगवलेल्या पातीचा असतो. इव्हान्स यांचे तेल दाण्यातल्या अंकुराचे होते. दोन्ही वेगळे.

आता कॅप्सूलचा हिशेब. बाजारात 400 मिलिग्रॅमची कॅप्सूल सर्रास मिळते. कृत्रिम ‘ई’चा सुमारे निम्माच भाग शरीर वापरते असे धरले, तरी ही मात्रा रोजच्या गरजेच्या बारा-तेरा पट होते. पेशींचे रक्षण करणारा पदार्थ जास्त घेतला तर कर्करोग आणि हृदयविकार टळतील, या आशेने मोठ्या चाचण्या झाल्या. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत ‘ई’मुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, हे 1994 मध्ये दिसले. मेंदूतल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू मात्र ते घेणाऱ्यांत अधिक आढळले. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हृदयरोग्यांना रोज 400 युनिट देऊनही फायदा झाला नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी 35,000 हून अधिक पुरुषांवर झालेली ‘सिलेक्ट’ चाचणी तर 2008 मध्ये मध्येच थांबवावी लागली, आणि 2011 मध्ये स्पष्ट झाले, की नुसते ‘ई’ घेणाऱ्यांत हा कर्करोग 17 टक्क्यांनी अधिक होता.

याचा अर्थ ही कॅप्सूल विषारी आहे असा नाही. मधुमेह नसलेल्या, यकृतावर चरबी साठून सूज आलेल्या काही रोग्यांना डॉक्टर ती विचारपूर्वक देतात. दृष्टिपटलाच्या एका आजारात ती इतर घटकांबरोबर दिली जाते. पण ती मनाने महिनोन्‌महिने घेत राहू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण मोठ्या मात्रेत ‘ई’ रक्त गोठण्यात अडथळा आणते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर आपण ही कॅप्सूल घेतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चेहऱ्याला तेल लावल्याने व्रण जातात याला भक्कम पुरावा नाही, आणि काहींना त्याची ॲलर्जी होऊन त्वचा लाल होते, खाजते. पायात गोळे, केस गळणे, थकवा यांमागे लोहाची कमतरता, थायरॉइड, मधुमेह अशी कारणे असू शकतात. कॅप्सूल घेत बसल्याने त्यांचे निदान लांबते.

निवृत्तीनंतरही इव्हान्स बर्कलेतच राहिले. 1962 मध्ये शोधाला 40 वर्षे झाली तेव्हा त्यांनी स्वतःच ही सारी हकीकत सांगितली, गिरणीच्या फेरीसकट. 6 मार्च 1971 रोजी, वयाच्या 88 व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी शोधलेले जीवनसत्त्व तारुण्य टिकवणारे औषध म्हणून दुकानांत विकले जाऊ लागले होते. त्यांच्या प्रयोगांनी सिद्ध केले होते ते एवढेच, की आहारात ते अजिबात नसेल तर मोठे नुकसान होते. ते टाळायला बहुतेकांना दाण्याचे कूट, थोडे चांगले तेल, पालेभाजी आणि चक्कीवरचे पीठ पुरते.